खाऱ्या विहिरीचा शेजार

८ जुलै २००७

आज सकाळी अभ्यासिकेचं कुलूप काढून खाली उतरलो आणि शेवटच्या पायरीवर चपला हातात घ्यायची वेळ आली. तळघरात पाणी. घोट्याच्या खालीच होतं, पण पाणी ते पाणी. खुर्च्या पाय भिजवून उभ्या होत्या आणि भिंतीवरचा भारताचा नकाशा खालून फुगला होता. कन्याकुमारी निघून हातात आली.

सारी हयात अकोल्याच्या बसस्थानकावर गाड्या सोडण्यात गेली. मेमध्ये निवृत्त झालो आणि जूनमध्ये ही अभ्यासिका उघडली. दर्यापूर, तेल्हारा, बाळापूरकडून मुलं येतात. शेतीत राम उरला नाही हे त्यांच्या बापांनीच मान्य केलंय, तेव्हा पोरानं निदान पोलीस व्हावं, तलाठी व्हावं. गावात अभ्यास होत नाही आणि खोलीवर गर्मी. माझं तळघर म्हणजे उन्हाळ्यातही गार. घर बांधताना सगळे हसले होते की काळ्या मातीत तळघर कोण खोदतं? आज सुभद्रानं वर उभं राहून खाली पाहिलं आणि म्हणाली, "घ्या. आता पोरायले पोहनं शिकवा."

हिला विनोद नेमका नको तेव्हा सुचतो.

१२ जुलै

शेषराव मिस्त्री येऊन गेला. घर त्यानंच बांधलंय. भिंतीवर हात फिरवला, बोटांनी टकटक केलं, मग बाहेर जाऊन कुंपणापलीकडे मान उंचावून पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, हे नासिरभाईच्या विहिरीचं पानी हाये. पावसानं विहीर वर आली, की तुमच्याकडं वाट काढते."

मलाही तेच वाटलं होतं. नासिरभाईची विहीर आमच्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावरही नाही, त्याहून जवळ. मी त्याला विचारलं, ओल तर या बाजूच्या भिंतीला आहे, यंदा मेमध्ये आपण शोषखड्डा केला त्या अंगाच्या. विहीर तर पलीकडच्या अंगाला. तो म्हणाला, "पान्याले काय दिशा राह्यते भाऊ? फिरून येते."

खरं आहे. आणि शोषखड्ड्याचा तर प्रश्नच नाही. गच्चीवरचं सगळं पाणी पाइपानं त्या खड्ड्यात जातं आणि जमिनीत मुरतं. आमच्या वॉर्डात असा खड्डा करणारा मी पहिला. लोक पाण्यासाठी रडतात आणि गच्चीवरचं पाणी मात्र नालीत सोडतात. माझ्या घरचा थेंबही बाहेर जात नाही.

१५ जुलै

नासिरभाईला बोलावून दाखवलं. त्याचं गाद्यांचं दुकान आहे, कापूस पिंजून गाद्या-रजया भरतो. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा घरात नळ नव्हता. पहिली बादली त्याच्या अब्बांनी स्वतः विहिरीतून शेंदून दिली होती. ती विहीर त्यांनीच खणलेली. पाणी खारं, आमच्या भागात सगळ्याच विहिरींचं तसं. त्या पाण्यात तुरीची डाळ दिवसभर उकळा, ती डोळे वटारून तुमच्याकडे बघत बसते. पण आंघोळ, धुणं, भांडी सगळ्या गल्लीची त्यावरच होतात. नळ आठवड्याला कधीतरी येतो, तो पिण्यापुरता.

नासिरभाई पायजमा वर खोचून पाण्यात उतरला. बोट बुडवून जिभेला लावलं. म्हणाला, "भाऊ, हे विहिरीचं नाई. हे गोडं हाये."

मी म्हटलं, "पावसानं तुमची विहीरच गोडी झाली असेल."

"माह्या विहिरीचं पानी भर पावसात बी खारंच राह्यते. तुमी सवता जीभ लावून पाहा न."

पोरं चपला-बूट घालून फिरतात त्या फरशीवरचं पाणी मी चाटायचं? मी नाही म्हटलं. त्यानं दोनदा आग्रह केला. मग हसून सोडून दिलं. त्याची मुलगी उज्मा पायरीवर उभी होती. तीही अभ्यासिकेतच बसते, तलाठ्याची परीक्षा देणार आहे. तिनं झाडू घेतला आणि पाणी मोरीकडे लोटायला लागली. पोरगी कामाची आहे.

आता घरच्या विहिरीविरुद्ध कोण बोलणार? हे मी समजू शकतो.

२ ऑगस्ट

चार दिवसांची झड. पुन्हा पाणी. मोटर लावून उपसलं. एका मुलाचं गाइडचं पुस्तक खाली पडून लगदा झालं. तो दर्यापूरकडचा, श्याम. बापानं बैलजोडी मोडून इथे पाठवलंय, असं दुसरा एकजण सांगत होता. श्यामनं ते उचललं. पानं सुटी करून कपड्यांच्या दोरीवर टाकली. मी त्याला नवं आणून देतो म्हटलं तर म्हणाला, "वाळते न काकाजी." मला फार वाईट वाटलं.

बरीच मुलं सिव्हिल लाइन्सकडच्या दुसऱ्या अभ्यासिकेत निघून गेली. त्यांना काय म्हणणार? ओल्या खुर्चीत बसून कुणाला राज्यघटना पाठ होते?

राग आला म्हणजे माझं तोंड माझ्या ताब्यात राहत नाही. आज मोटर चालू असताना सगळ्या मुलांसमोर उज्माला म्हणालो, "तुझ्या घरचं पाणी माझ्या घरात शिरतं आणि तुझे वडील म्हणतात आमचं नाही. शिकलेली आहेस, तूच सांग." ती पुस्तकात बघत राहिली. कान मात्र लाल झाले होते.

बोलायला नको होतं. उद्या काहीतरी गोड बोलून टाकीन.

५ ऑगस्ट

सुभद्रा म्हणते, "तळघरातली फरशी वाळली, पन पांढरं काई उमटलं नाई हो. विहिरीचं पानी वाळलं की माह्या बादलीवर कसा खार बसते पाहा." म्हटलं, बादली वेगळी, फरशी वेगळी. तुझं ते स्वयंपाकघरातलं शास्त्र इथे चालत नाही. तिनं भाकरी जरा जोरातच थापली.

उज्माशी बोलायचं राहिलं. ती आली होती, पण मुलं होती सगळी.

१६ ऑगस्ट

काल झेंडावंदनानंतर वॉर्डातर्फे माझा सत्कार झाला. 'पाणी जिरवणारे नागरिक' म्हणून. शाल, नारळ आणि एक फ्रेम केलेलं प्रमाणपत्र. माईक हातात आल्यावर राहवलं नाही, चांगला वेळ बोललो. आयुष्यभर माईकवरून "चिखलदऱ्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक अमुक" एवढंच बोललो, काल पहिल्यांदा स्वतःचं बोललो. पावसाचं पाणी म्हणजे घरात आलेली लक्ष्मी, तिला नालीत सोडू नका वगैरे. नासिरभाई पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता.

संध्याकाळी धो धो पाऊस झाला. आज सकाळी तळघर पोटरीपर्यंत.

२९ ऑगस्ट

आज भांडण झालं. लिहायची इच्छा नाही, पण लिहितो.

सकाळी उपसून वर आलो, कंबर मोडून आली होती, आणि कुंपणापलीकडे नासिरभाई मोटर लावून अंगण धूत होता. एवढंच. अंगण धूत होता, त्याच्या घरचं. माझ्या डोक्यात सणक गेली. मी म्हणालो, "धुवा, खुशाल धुवा. तेच पाणी उद्या माझ्या घरात."

तो म्हणाला, "भाऊ, किती डाव सांगू? तुमी एकदा चाखून तं पाहा. मंग मले जोडे मारा."

मी म्हणालो, "तुमच्या बापानं खणलेला हा खड्डा माझ्या घराच्या मुळावर उठला."

विहिरीला खड्डा म्हणालो. आणि बापाचं नाव घेतलं, ते गेलेले असताना. गल्लीतल्या बायका विहिरीवर होत्या, जाईबाई होती, सगळ्यांनी ऐकलं. नासिरभाईनं मोटर बंद केली आणि आत गेला. त्याची बायको आमिनाभाभी दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पदर सावरून तीही आत गेली.

सुभद्रा जेवली नाही. मी म्हटलं, अगं माझं नुकसान होतंय ते तुला दिसत नाही का? ती म्हणाली, "दिसते. तुमी काय करून राहिले ते बी दिसते."

३ सप्टेंबर

उज्मा चार दिवस आली नाही. तिची खुर्ची रिकामी ठेवली आहे. दुसऱ्या कुणाला बसू देत नाही.

९ सप्टेंबर

सकाळी नासिरभाईच्या दारात मुरुमाचा ट्रॅक्टर उभा होता. वाटलं, दुकानाची पडवी वाढवतोय. दुसरा ट्रॅक्टर आला. मग पाहिलं तर विहिरीवरची कप्पी काढून भिंतीला टेकवून ठेवलेली.

विहीर बुजवायची होती.

रमजान लागायच्या आत काम उरकायचं म्हणे. त्याआधी आमिनाभाभीनं गल्लीतल्या प्रत्येक घराला निरोप दिला, शेवटची एकेक बादली भरून न्या. बायका आल्या. एकेक करून बादल्या भरू लागल्या. जाईबाईनं विहिरीच्या काठावर हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि डोळ्याला पदर लावला. आमची सुभद्रा बादली न घेता गेली आणि बादली न घेता परत आली. आमची मुलगी प्राजक्ता झाली तेव्हा बाळंतपणानंतरची विहिरीची पूजा तिनं याच काठावर केली होती. आमिनाभाभीनं तेव्हा फुलं आणून दिली होती.

मी खिडकीतून बघत होतो. पहिली टोपली पडली तेव्हा खालून पाण्याचा आवाज आला, मग येईनासा झाला.

खरं लिहायचं तर सुटल्यासारखं वाटलं. मनात म्हटलं, सुंठीवाचून खोकला गेला. कुठे तक्रार नको, अर्ज नको. नासिरभाई समजूतदार माणूस, चूक कळली असेल, तोंडानं बोलवत नसेल इतकंच. मी दुपारी त्याला म्हटलं, "बरं केलंत." तो म्हणाला, "शेजारात संशय राह्यल्यापेक्षा विहीर गेलेली बरी." आणि टोपली उचलून गेला.

मोठं मन आहे त्याचं. आता सगळं पूर्वीसारखं होईल.

२ ऑक्टोबर

परतीच्या पावसात तळघरात पुन्हा पाणी आलं. शेषराव म्हणतो, जमिनीत मुरलेलं जुनं आहे, निचरा व्हायला वेळ लागतो. तसंच असणार.

नळ नऊ दिवसांनी आला. गल्लीतल्या बायका बसस्थानकामागच्या हापशीवरून हंडे आणतात. सुभद्राही. मी म्हटलं, मी जातो, तर म्हणाली, "नका येऊ. तिथं बाया बोलतात."

काय बोलतात ते तिनं सांगितलं नाही.

१६ ऑक्टोबर

ईदचा शीरखुर्मा आला. दरवर्षी उज्मा डबा घेऊन यायची आणि सुभद्राच्या हातचं काहीतरी खाऊन जायची. यंदा आमिनाभाभी आली, डबा ओट्यावर ठेवला आणि उभ्या उभ्या गेली. उज्मा अमरावतीला मामाकडे राहायला गेली आहे. तिथेच अभ्यास करते.

शीरखुर्मा नेहमीसारखाच होता. मी अर्धी वाटी तशीच ठेवली.

२० नोव्हेंबर

दिवाळी झाली. तळघर पूर्ण कोरडं. भिंतींना चुना मारला आणि नवा नकाशा लावला. मुलं परत येऊ लागली. श्यामही आला. सगळ्यांना सांगितलं, आता भीती नाही, पाण्याचं मूळच बंद झालं.

२३ जानेवारी २००८

आज सुभद्राच्या भाचीच्या लग्नाला अमरावतीला गेलो होतो. जाताना नळ आला म्हणून गच्चीवरच्या टाकीची मोटर लावली आणि घाईत तशीच चालू राहिली. संध्याकाळी परत आलो तर नळ अजून गेलेला नव्हता, टाकी भरभरून गच्चीवर वाहत होती आणि गच्चीचं पाणी पाइपातून खळखळत शोषखड्ड्यात पडत होतं. मोटर बंद केली. सुभद्रा बोलणार तेवढ्यात तळघराकडे पाहिलं.

तळघरात पाणी.

पाऊस नाही. विहीर नाही. बाहेर थंडीची धूळ उडतेय आणि तळघरात घोट्याएवढं पाणी. त्याच भिंतीतून पाझरत होतं, खड्ड्याकडच्या. मी बॅटरी धरली तर धार दिसली, करंगळीएवढी, सरळ माझ्या खड्ड्यातून माझ्या घरात.

मी खाली बसलो. बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

गोडं होतं. नळाचं.

सुभद्रा वर पायरीवर उभी होती. तिनं विचारलं नाही, काय चव आहे म्हणून.

२४ जानेवारी

दिवसभर हिंमत होईना. चारच्या सुमारास नासिरभाईच्या दुकानात गेलो. तो गादीला टाके घालत होता. मी म्हटलं, "पाणी माझंच होतं. खड्ड्याचं."

तो म्हणाला, "मले मालूम होतं, भाऊ."

"पहिल्या दिवसापासून?"

"चाखलं न तवाच."

"मग विहीर बुजवली काहून?" माझ्या तोंडून त्याचीच भाषा आली.

त्यानं दोरा तोडला. "तुमी चाखाले तयार नव्हते. मी किती दिवस सांगत राहू? रोज तुमी कुंपनावर उभे राह्यले, का मले वाटे आज परत आब्बाचं नाव घेतात का उद्या घेतात. मनलं, विहीरच नसली तं बोलनं बी राहनार नाई."

मी म्हटलं, आपण परत उपसू, मी करतो सगळं, मजूर लावतो. तो म्हणाला, आतलं बांधकाम मुरुमाच्या दाबानं ढासळलं असणार, माणूस उतरवायची सोय नाही. आणि तसंही तिथे आता फरशी टाकून कापसाच्या गासड्या ठेवल्या आहेत. त्यानं चहा मागवला. मी प्यालो. तो माझ्याकडे रागानं पाहत नव्हता. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

१० फेब्रुवारी

शेषरावला बोलावून खड्डा बंद करवला. गच्चीचं पाणी आता नालीत जातं. तो खाली मान घालून काम करत होता. मी त्याला बोल लावला नाही. त्यानं मला हवं होतं तेच सांगितलं होतं, ऐकणारा मीच.

तळघर इतकं कोरडं कधीच नव्हतं. मुलं वाढली आहेत. श्याम पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत पास झाला. पेढे घेऊन आला, पाया पडला. म्हणाला, "तुमच्या तळघराची किरपा काकाजी." मी पेढा घेतला आणि त्याच्याकडे नीट पाहू शकलो नाही.

गल्लीला अजून काही सांगितलेलं नाही. सांगायला हवं. उद्या, परवा.

१९ एप्रिल

आज टँकर आला. मार्चपासून आठवड्यातून दोनदा येतो, कधी येत नाही. अख्खी गल्ली बादल्या-ड्रम घेऊन रस्त्यावर. भांडणं, शिव्या, रेटारेटी. नासिरभाई माझ्यापुढे दोन माणसं सोडून उभा होता, दोन डबे घेऊन.

जाईबाई त्याला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "भरली विहीर बुजवली मियानं. कोन्या जल्मी फेडन हे पाप? त्याले काय, त्याचं घर चालते."

दुसरीनं री ओढली. कुणीतरी हसलं. हे पहिल्यांदा नव्हतं, हे त्या हसण्यावरूनच कळलं. सुभद्रा हापशीवर ऐकून यायची ते हेच. नासिरभाई टँकरच्या नळीकडे पाहत उभा होता. इतके महिने त्यानं कुणाला उत्तर दिलेलं नव्हतं.

मी मोठ्यानं बोललो. बसस्थानकावर बोलायचो तसं बोललो, नाहीतर आवाज फुटला नसता. "जाईबाई, ऐका. विहीर मी बुजवायला लावली. माझ्या तळघरात पाणी माझ्याच खड्ड्याचं येत होतं आणि मी नाव नासिरभाईचं घेतलं. ते सांगत होते, मी ऐकलं नाही."

टँकरची नळीच तेवढी चालू होती.

जाईबाईनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. म्हणाली, "मंग? आता सांगून विहिरीत पानी येईन का? सरका बाजूले, माही बारी हाये."

आणि पुन्हा रेटारेटी सुरू झाली.

नासिरभाईनं डबे भरून बाजूला ठेवले. मग माझ्याजवळ आला. किती दिवसांनी त्यानं नीट माझ्या डोळ्यांत पाहिलं. म्हणाला, "भाऊ, हे उज्मासमोर सांगाचं होतं."

मी म्हटलं, "मी अमरावतीला जातो. उद्याच जातो. तिला सांगतो."

"नका जाऊ." तो हळू बोलला, रागानं नाही. "तुमी पोरायसमोर बोलले त्या दिवशी तिनं घरी येऊन मले इचारलं होतं, आब्बा, खरंच आपल्या घरचं पानी हाये का? मी नाई मनलं. तरी तिनं दोनदा इचारलं. माह्या पोरीनं मले दोनदा इचारलं, भाऊ." त्यानं डबे उचलले. "आता तिले सांगून काय? तिले वाटन बापानं तुमाले पाठवलं."

तो दोन्ही हातांत डबे घेऊन गेला. पाणी हिंदकळत होतं आणि रस्त्यावर ओल पडत होती. मी त्याच्या मागे चार पावलं गेलो, पण एक डबा मी उचलतो म्हणायची हिंमत झाली नाही.

टँकर संपला. मी रिकामी बादली घेऊन घरी आलो.